पायलटच्या डोक्यावर टोपी हवीच का?

ठाणेकरीण
माझी भाची गोंदियाला ट्रेनिंग करून आता एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर (म्हणजे सहवैमानिक) म्हणून लागतेय. घरात सगळे जाम खूश आहेत, पण परवा युनिफॉर्मचा विषय निघाला आणि टोपीवरून तिची आणि आबांची (म्हणजे तिचे आजोबा, माझे वडील) चांगलीच जुंपली. आबांचं म्हणणं असं की विमानाचा कॅप्टन म्हटलं की डोक्यावर टोपी हवीच, चार माणसांत उठून दिसला पाहिजे, टोपी काढली की तो आणि हॉटेलचा मॅनेजर सारखेच. भाची म्हणते, आबा, कॉकपिटमध्ये शिरल्यावर पहिलं काम म्हणजे टोपी काढून ठेवायची कारण कानाला हेडसेट लावायचा असतो, मग जी वस्तू खऱ्या कामाच्या वेळी घालताच येत नाही ती फक्त टर्मिनलमधून चालताना कशाला. मला दोघांचंही पटतंय. ही टोपी आली कुठून, आज तिचा काही उपयोग उरलाय का, आणि सक्ती असावी का? या क्षेत्रातल्यांनी जरूर लिहा.

दर्यावर्दी
टोपी जहाजावरून गेलीय, आमच्याकडून. सुरुवातीचे पायलट चामड्याची कानटोपी आणि गॉगल घालायचे कारण कॉकपिट उघडं, वारा आणि इंजिन ऑइलचे शिंतोडे थेट तोंडावर. १९३० च्या दशकात पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीने पाण्यावर उतरणारी मोठी विमानं आणली, फ्लाइंग बोट म्हणायचे त्यांना, आणि विमानांना नाव दिलं क्लिपर, म्हणजे जुन्या वेगवान शिडाच्या जहाजांचं. तेव्हा लोक विमानात बसायला घाबरायचे पण बोटीने समुद्र ओलांडायची त्यांना सवय होती, म्हणून कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांनी सगळा थाटच बोटीचा केला, पायलटला नेव्ही ब्लू कोट, पांढरी टोपी, कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर हे हुद्देही आमचेच. टोपीचं काम तेव्हा खरंच होतं, घाबरलेल्या पॅसेंजरला धीर द्यायचा. बाकीच्या कंपन्यांनी मग तेच उचललं.

आता गंमत बघा, ज्यांची ही टोपी आहे ते आम्ही मर्चंट नेव्हीवाले ती रोज घालतच नाही. डेकवर बॉयलर सूट, सेफ्टी शूज आणि हेल्मेट, कार्गोचं काम चालू असताना पीक कॅप घालून कोणी उभा राहिला तर चीफ ऑफिसर आधी त्याला हेल्मेट घालून यायला पाठवेल. टोपी निघते ती समारंभाला. ५ एप्रिलला नॅशनल मेरिटाइम डे असतो, १९१९ साली त्या दिवशी सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं होतं, त्या दिवशी पांढरा युनिफॉर्म, टोपी, सगळं कडक. आणि ती घातली की छाती फुगते हेही खरंय. त्यामुळे माझं मत, टोपी ठेवा पण मोठ्या दिवसासाठी ठेवा.

उजवी_सीट
मी फर्स्ट ऑफिसर आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. तुमची भाची बरोबर बोलतेय. आत गेल्यावर टोपी दाराजवळच्या हुकाला नाहीतर बॅगेवर, आणि एका दिवसात चार सेक्टरची, म्हणजे चार उड्डाणांची ड्यूटी असली की मधल्या वेळात पेपरवर्क, फ्युएल, हवामान, पुढच्या फ्लाइटचं ब्रीफिंग एवढं असतं की टोपी कुठेय हे बघायलाही वेळ नसतो, संध्याकाळी ती बॅगेखाली चेपलेली सापडते.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. प्रत्येक फ्लाइटच्या आधी आमच्यापैकी एकजण खाली उतरून विमानाला पूर्ण फेरी मारतो, टायर, ब्रेक, इंजिनची पाती, बाहेरचे सेन्सर, कुठे गळती आहे का, सगळं बघतो. अंगात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट असतं आणि शेजारच्या पार्किंग बेवरचं (उभं राहायच्या जागेवरचं) विमान इंजिन चालू करून वळत असतं. त्या वाऱ्यात टोपी टिकत नाही हो. आणि एप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या भागात, उडत गेलेली कुठलीही वस्तू म्हणजे एफओडी (धोकादायक बाहेरची वस्तू), ती इंजिनने ओढली तर काय होईल सांगायला नको. २५ जुलै २००० ला पॅरिसला कॉन्कॉर्ड पडलं त्याची सुरुवात रनवेवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीपासून झाली, टायर फुटला, तुकडा टाकीवर आदळला, आग लागली, ११३ माणसं गेली. टोपी म्हणजे धातूची पट्टी नव्हे मान्य, पण सुटी वस्तू जवळ बाळगायची नाही ही शिस्त अशाच धोक्यासाठी असते. अमेरिकन हवाई दलात तर विमानं उभी असतात त्या भागात टोपी घालायलाच बंदी असते, आणि टोपी नाही म्हणून तिथे सॅल्यूटही करत नाहीत. जिथे शिस्त सगळ्यात कडक तिथे हा नियम आहे.

ओळखीचं म्हणाल तर गेटवरचा सीआयएसएफचा जवान टोपी बघून सोडत नाही, बीसीएएसचा (विमान सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याचा) एंट्री पास बघतो, फोटो बघतो. तेच बरोबर आहे.

गुरुजी_साताऱ्याचे
वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले, माहिती उत्तम आहे, पण मी आबांच्या बाजूने. एप्रनवर घालू नका, कॉकपिटमध्ये घालू नका, कबूल. पण टर्मिनलमध्ये? तिथे आज खांद्यावर पट्ट्या कोणाच्या नाहीत सांगा, सिक्युरिटी गार्डच्या आहेत, पार्किंगवाल्याच्या आहेत, दुकानात उभ्या असलेल्या मुलांच्याही आहेत. गर्दीत लांबून कळतं ते फक्त टोपीमुळे. आणि दुसरं, मी अनेक वर्षं शाळेत एनसीसी बघितली आहे, तोच पोरगा वर्गात बाकावर रेललेला असतो आणि बेरे (एनसीसीची गोल टोपी) डोक्यावर नीट बसवली, बॅज डाव्या डोळ्याच्या वर आला की खांदे आपोआप मागे जातात. पोशाखाने माणूस घडतो यावर माझा विश्वास आहे. दीडदोनशे जीव ज्याच्या हातात आहेत त्याला रोज कामावर जाताना ती जाणीव करून देणारी वस्तू डोक्यावर असलेली बरी. शिवाय काही संकट आलं तर लोकांना कळायला नको का कोणाचं ऐकायचं ते?

सिस्टर_मिरज
गुरुजी, तुमचा मान राखून लिहिते. आमच्या डोक्यावरही टोपी होती. पांढरी, स्टार्च केलेली, घडी घालून दोन्ही बाजूंना काळ्या पिना लावायच्या. पेशंटला उचलताना वाकलं की ती पडद्याला अडकायची, सलाइनच्या नळीत अडकायची, पीन सुटली की एका हाताने टोपी आणि एका हाताने पेशंट. आणि ती रोज धुतली जात नव्हती, या वॉर्डातून त्या वॉर्डात तीच. आता बहुतेक ठिकाणी गेली. नर्सिंग कॉलेजात दिवा लावायचा कार्यक्रम अजून होतो, शपथ होते, पहिल्या वर्षाच्या मुली रडतात, सगळं तसंच आहे, फक्त टोपी नाही. पेशंट अजूनही रात्री तीनला सिस्टर म्हणूनच हाक मारतो. टोपी जाताना आमच्यातल्या सीनियर बायकांना फार वाईट वाटलं होतं, ते मी बघितलंय, त्या भावनेला मी हसणार नाही. पण मान कामाला होता.

उजवी_सीट
@गुरुजी, संकटाच्या मुद्द्यावर. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना कोस्ट गार्डच्या विमानावर आदळलं. कोस्ट गार्डचे पाच जण गेले, फार वाईट झालं. पण मोठ्या विमानातले सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर पडले. अनाउन्समेंटची सिस्टिम बंद पडली होती, केबिनमध्ये धूर, क्रूने मेगाफोन घेतले आणि घसा फाडून ओरडून लोकांना बाहेर काढलं, कॅप्टन सगळ्यात शेवटी उतरला. धुरात टोपी कोणाला दिसणार? लोकांनी ऐकलं ते आवाजाचं, आणि तो आवाज ट्रेनिंगमधून येतो.

आणखी एक, जरा अवघड आहे पण लिहितो. कॅप्टनचा दरारा हा आमच्या धंद्यात दुधारी आहे. १९७७ ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो धडकले, ५८३ माणसं गेली. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा कॅप्टन म्हणजे कंपनीचं मोठं नाव, जाहिरातीत त्याचा फोटो, आणि तो टेकऑफला निघाला तेव्हा फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती की समोरचं विमान अजून रनवेवर तर नाही ना, पण ती तिथेच विरली. पुढच्या वर्षी अमेरिकेत पोर्टलंडला युनायटेड एअरलाइन्सचं विमान इंधन संपून पडलं, तिथेही बाकीच्यांचं म्हणणं कॅप्टनपर्यंत पोचलं नाही. त्यानंतर सीआरएम सुरू झालं, म्हणजे ज्युनिअरने बोलायचं आणि सीनियरने ऐकायचं याचं रीतसर ट्रेनिंग. आता कॅप्टनच्या टोपीच्या टोकावर सोनेरी नक्षी आणि माझी साधी, हे टोपीमुळे झालं असं मी म्हणत नाही, पण रुबाब वाढवणाऱ्या वस्तूंची मला तरी गरज वाटत नाही. मला असा कॅप्टन हवा की ज्याला मी बिनधास्त 'सर, गो अराउंड' (उतरणं सोडून परत वर चला) म्हणू शकेन.

ऱ्हाइनकाठ
मी जर्मनीत कोलोनला राहते, इथे हा वाद थेट कोर्टात गेला होता म्हणून लिहिते, भाचीला नक्की सांगा. लुफ्तान्सा या जर्मन एअरलाइनचा नियम असा होता की एअरपोर्टच्या पब्लिक भागात पुरुष पायलटने टोपी घालायचीच, बायकांना मात्र घालायची की नाही ते त्यांच्यावर, कारण केशरचना. डिसेंबर २००९ मध्ये एक पायलट न्यूयॉर्कच्या फ्लाइटला टोपी न घेता आला, त्याला त्या फ्लाइटवरून काढलं. तो कोर्टात गेला. कोलोनच्या लेबर कोर्टात जिंकला, वरच्या कोर्टात हरला, आणि मग सप्टेंबर २०१४ मध्ये एरफुर्टच्या फेडरल लेबर कोर्टाने (देशातल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने) त्याच्या बाजूने निकाल दिला. काय चिकाटी म्हणायची! इथे तेव्हा पेपरात बरंच आलं होतं आणि बऱ्याच जणांना वाटलं एका टोपीसाठी एवढं कशाला, पण मला तो निकाल फार महत्त्वाचा वाटतो.

ठाणेकरीण
अरे वा, हे माहीतच नव्हतं. म्हणजे कोर्टाने टोपीच बंद केली का?

ऱ्हाइनकाठ
नाही नाही, टोपीला कोर्टाने काहीच वाईट म्हटलं नाही. युनिफॉर्म ठरवायचा हक्क कंपनीचा आहे. कोर्टाचं म्हणणं एवढंच की युनिफॉर्म कशासाठी, तर लोकांना कळावं की ही माणसं या कंपनीची आहेत, आणि एकसारखं दिसावं. मग बायका टोपीशिवायही ओळखू येतात, तर पुरुषांनाच सक्ती कशासाठी? त्या हेतूत बसेल असं कारण कंपनीला देता आलं नाही. म्हणजे मुद्दा समान वागणुकीचा.

गुरुजी_साताऱ्याचे
सिस्टर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जपानचं उदाहरणही पटलं, संकटाचा मुद्दा मी मागे घेतो. पण जर्मनीच्या निकालावरून मी उलट म्हणेन, मग नियम सगळ्यांना सारखा करा, पुरुष असो की बाई, टर्मिनलमध्ये टोपी सगळ्यांनी घालायची. बायकांच्या केसांना बसेल अशी टोपी शिवा, विमान बनवणाऱ्यांना टोपी बनवता येत नाही होय?

उजवी_सीट
गुरुजी, तशी चांगली टोपी शिवली तर मलाही आनंदच आहे, आपल्याकडे महिला पायलटचं प्रमाण जगाच्या मानाने बरंच जास्त आहे आणि अंबाड्यावर टोपी बसवायला त्यांची रोज किती कसरत होते ते मी बघतो. पण सगळ्यांना सारखी सक्ती तरीही होत नाही. आपल्याकडे शीख पायलट पगडी बांधून येतात, कडक इस्त्रीचा शर्ट, चार पट्ट्या, आणि आजवर एकाही पॅसेंजरने त्यांच्याकडे बघून 'यांचा युनिफॉर्म अर्धा आहे' असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्यांना सूट आहे आणि ती असायलाच हवी. मग सारखा नियम करायचा एकच मार्ग उरतो, ज्याला घालायची त्याने घालावी. अमेरिकेत बऱ्याच कंपन्यांनी तेच केलंय. आबांना सांगा, नातीला टोपी मिळाली तर घरी घेऊन यायला आणि त्यांच्यासमोर घालायला कोणाची मनाई नाही.