‘हाउसहोल्ड’ म्हणजे कुटुंब, चूल की उंबरा?

नकाशावाला: लोकसंख्या भूगोलाच्या पाहणीची प्रश्नावली मराठीत करायची आहे. सोलापूरचा पूर्व भाग आणि माळशिरसकडची गावं. ‘हाउसहोल्ड’ला ‘कुटुंब’ लिहिलं, तर चाचणीतच आकडे फुगले. ‘कुटुंबात किती माणसं?’ म्हटलं की भिवंडीत यंत्रमागावर कामाला असलेला मुलगाही मोजला जातो. दुसरा शब्द सुचवा.

बोलीभाषा: आहे की, चूल! ‘भावाभावांची चूल वेगळी झाली’ म्हणजे भिंती त्याच, हाउसहोल्ड दोन. चूलबंद आवतण, म्हणजे घरची चूल पेटू नये असं सगळ्यांना जेवायचं बोलावणं, याच हिशेबानं देतात. ‘कुटुंब’ म्हणजे तर जुन्या बोलीत बायको.

विडी घरकुल: शहरात ‘किती चुली?’ विचारलंत तर उत्तर येतं, ‘चूल नाही, गॅस आहे.’ इंधनाच्या रकान्याचं उत्तर माणसांच्या रकान्यात पडतं. तेलुगू घरांत ‘कुटुंबम्’ लगेच कळतं, पण तेही नात्यागोत्यानंच.

भीमाकाठ: उंबरा विसरलात. ‘दोनशे उंबऱ्यांचं गाव’ म्हणतातच ना?

संज्ञाकोश: बोलीतले शब्द शास्त्रात आणले की प्रत्येक जिल्ह्याला वेगळी व्याख्या होईल. ‘गृहघटक’ म्हणा. नवा शब्द आहे, म्हणून त्याला जुना अर्थ चिकटलेला नाही.

विडी घरकुल: अहो, दारात उभं राहून ‘तुमच्या गृहघटकात किती जण?’ विचारून बघा. पुढचा अर्धा तास अर्थ सांगण्यात जाईल.

प्रगणक: भीमाकाठ, उंबरा म्हणजे जनगणनेतलं ‘घर’, स्वतंत्र मुख्य दार असलेलं. त्यात दोन कुटुंबं असू शकतात. कुटुंब म्हणजे एरवी एकत्र राहणारी, एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. कामामुळे जेवायला येता येत नसलं तरी माणूस त्यातच, म्हणून रात्रपाळीचा माग कामगार वगळू नका. नात्याची अट नाही.

नकाशावाला, शब्दापेक्षा प्रश्न फोडा. आधी ‘काल रात्री इथं कोण कोण झोपलं, आणि रात्रपाळीला कोण होतं?’ मग ‘यांतलं कोण वेगळं रांधून खातं?’ शेवटी ‘इथलंच पण सध्या बाहेर कोण, आणि किती महिने?’ बाहेरच्यांचा रकाना वेगळा ठेवा, बेरजेत घेऊ नका. सगळ्यांबद्दल एकाच प्रश्नात विचारलंत की बाहेरगावचा मुलगा आत येतो आणि भाडेकरू राहून जातो.

संज्ञाकोश: मग वसतिगृहाच्या मेसला जेवणारी पन्नास पोरं एक कुटुंब?

प्रगणक: हो, ‘संस्थात्मक कुटुंब’. कानाला खटकतं, पण कामाचा शब्द आहे.

भीमाकाठ: ऊसतोडीच्या फडावर काय करणार? तिथं मोजमाप ‘कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. मुकादम वीस कोयते म्हणाला तर माणसं चाळीस धराल, आणि कोपीतली, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीतली, पोरं सुटतील.

प्रगणक: बरोबर, कोयता हे मजुरीचं एकक, लोकसंख्येचं नाही. शिवाय 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, ऐन गाळपात. त्या संपूर्ण काळात गावी नसलेला माणूस गावाकडे धरायचा नाही, जिथं सापडेल तिथं मोजायचा.

बोलीभाषा: म्हणजे म्हातारी आणि नातू गावात, नवरा-बायको कोपीत. चुली दोनच ना? माझा शब्द टिकला.

संज्ञाकोश: चुली दोन, पण घरखर्च मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या एकाच उचलीवर. त्याला काय म्हणणार?