नेटवर्कवरील सामायिक डिरेक्टरी: बूटच्या वेळी माउंट कराव्यात की ऑटोमाउंटवर सोपवाव्यात?

तळओळ (धागाकर्ता)

नेटवर्कवरील सामायिक डिरेक्टरींसाठी एफएसटॅब फाइलमध्ये (काय कुठे जोडायचे याच्या यादीत) ओळ लिहून त्या बूटच्या वेळीच माउंट करण्याची, म्हणजे स्थानिक वाटेला जोडण्याची, पद्धत आता मोडीत काढावी, असे माझे मत आहे. क्लायंट सुरू होईल त्या क्षणी सर्व्हर जागेवर असेल, हे तिच्यात गृहीत धरलेले असते. सर्व्हर मिळाला नाही, तर लिनक्सवरील एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीचा) माउंट आदेश २ मिनिटे प्रयत्न करत राहतो. ‘बीजी’ हा पर्याय दिला असेल, तर हेच काम तो पार्श्वभूमीत १०,००० मिनिटे, म्हणजे आठवड्याला ८० मिनिटे कमी इतका वेळ करतो (हा आकडा कसा निघाला असेल, देव जाणे). या काळात माउंट पॉइंट (जिथे जोडायचे ती जागा) म्हणजे स्थानिक डिस्कवरची एक रिकामी डिरेक्टरी असते. एखादी सेवा बिनदिक्कत तिच्यातच लिहू लागते, रूट पार्टिशन भरत जाते, आणि नंतर माउंट यशस्वी झाले की त्या सगळ्या फाइली त्याखाली झाकल्या जातात. मग ‘डीएफ’ (डिस्कवरची शिल्लक जागा दाखवणारा आदेश) सांगते की जागा संपली आणि ‘डीयू’ला (फाइलींनी घेतलेली जागा मोजणाऱ्या आदेशाला) ती कोणी खाल्ली हे सापडत नाही.

ऑटोएफएसमध्ये, म्हणजे गरज पडेल तेव्हाच आपोआप माउंट करणाऱ्या (ऑटोमाउंट) यंत्रणेत, हा प्रकार मुळातच संभवत नाही, कारण त्या वाटेवर (पाथवर) कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतः पहारा देत असतो. पहिली प्रक्रिया आत शिरू लागली की तिला थांबवून ठेवले जाते, डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) माउंट करतो आणि मगच ती पुढे जाते; माउंट फसले, तर तिला त्रुटी मिळते, स्थानिक डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. शिवाय मॅप फाइलमधील (कोणते नाव सर्व्हरवरच्या कोणत्या डिरेक्टरीशी जोडायचे या यादीतील) तारांकन, म्हणजे ‘कोणतेही नाव’, आणि अँपरसँड, म्हणजे ‘तेच नाव’, यांच्या जोरावर शेकडो वापरकर्त्यांच्या होम डिरेक्टरी एका ओळीत बसतात.

पहाटपाळी

मी याच्या विरुद्ध मताचा आहे. ऑटोमाउंटमुळे बिघाड टळत नाही. तो कोणाचेही लक्ष नसलेल्या वेळेवर ढकलला जातो, इतकेच. निर्यातीची (सर्व्हरने डिरेक्टरी क्लायंटना खुली करण्याची) परवानगी चुकलेली असेल किंवा सर्व्हरचे नाव बदललेले असेल, तर मला ते बूट होतानाच, समोर बसलेलो असताना कळायला हवे, रात्री बॅकअपने पहिल्यांदा त्या वाटेला हात लावल्यावर नव्हे.

रिकाम्या डिरेक्टरीचा तुमचा मुद्दा खरा आहे, पण त्यावरचा उपाय जुना आणि साधा आहे: माउंट करण्यापूर्वी त्या डिरेक्टरीवर ‘सीएचअ‍ॅटर’ या आदेशाने अपरिवर्तनीयतेची खूण लावावी. मग माउंट नसताना रूटलाही (सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही) तिथे फाइल निर्माण करता येत नाही, आणि वरून माउंट करायला त्या खुणेची आडकाठी होत नाही.

ऑटोएफएसच्या अप्रत्यक्ष मॅपमध्ये (एका डिरेक्टरीखाली अनेक नावे माउंट करणाऱ्या मॅपमध्ये) यादी पाहण्यासाठी ‘एलएस’ केल्यावर डिरेक्टरी रिकामी दिसते आणि टॅब दाबून नाव पूर्ण होत नाही, कारण ज्याला अजून कोणी हाक मारलेली नाही ते तिथे अस्तित्वातच नसते. ब्राउझ मोडने ही नावे दाखवता येतात, हे मान्य. परंतु तारांकनाच्या ओळीतून कोणती नावे दाखवायची हे त्यालाही ठाऊक नसते. म्हणजे तुम्ही ज्या सोयीचे कौतुक केले, नेमकी तिथेच ही अडचण उरते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकदा माउंट झाल्यावर सर्व्हर मधेच गेला, तर ऑटोएफएस काहीच करू शकत नाही. प्रक्रिया तशाच अडकून पडतात.

अर्धविराम

अडकण्याचा एवढा त्रास असेल, तर ‘सॉफ्ट’ पर्याय लावावा. ठरावीक प्रयत्नांनंतर त्रुटी मिळते आणि विषय संपतो.

पहाटपाळी

विषय तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो. सॉफ्ट माउंटमध्ये लिहिण्याची विनंती मुदत संपल्यामुळे सोडून दिली जाते, आणि ज्या प्रोग्रॅमने ‘एफसिंक’ (लिहिलेले पक्के साठवा) किंवा ‘क्लोज’ (फाइल बंद करा) या विनंत्यांचे उत्तर तपासलेले नसते (असे प्रोग्रॅम थोडेथोडके नाहीत), तो फाइल नीट लिहिली गेली असे समजून पुढे जातो. केवळ वाचनासाठीच्या डिरेक्टरीला सॉफ्ट चालेल. जिथे लिहायचे आहे तिथे ‘हार्ड’च, म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत प्रयत्न करत राहणारा पर्यायच, हवा, आणि एनएफएसमध्ये तेच मूळचे आहे. कर्नल २.६.२५ पासून अडकलेली प्रक्रिया निदान ‘सिगकिल’ हा सक्तीने संपवणारा संकेत पाठवून मारता येते.

तळओळ

हार्ड आणि सॉफ्टबद्दल आपले एकमत आहे. मात्र अपरिवर्तनीयतेची खूण प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक माउंट पॉइंटला आठवणीने लावावी लागते; ऑटोमाउंटमध्ये ते संरक्षण रचनेतच आहे. लॅपटॉपसारखी यंत्रे दिवसातून अनेकदा नेटवर्क सोडतात, त्यांना बूटच्या क्षणाची हमी काय कामाची? हा केवळ लिनक्सवाल्यांचा छंदही नाही: मॅकओएसमध्ये ऑटोमाउंट आहे, आणि फ्रीबीएसडीनेही २०१४ च्या १०.१ आवृत्तीत ऑटोएफएस आणले. तरीही, ज्या सर्व्हरवर एकच सेवा एकाच डिरेक्टरीवर विसंबून आहे, तिथे बिघाड लवकर दिसावा हा आपला आग्रह मी मान्य करतो.

युनिटफाइल

त्या शेवटच्या प्रसंगासाठी दोहोंपैकी एक निवडण्याची गरजच नाही. एफएसटॅबच्या त्याच ओळीत ‘नोऑटो’ आणि ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ लिहावे, म्हणजे वाटेवरचा पहारा मिळतो. सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी प्रणाली) त्यासाठी कर्नलमधील तीच ऑटोएफएस यंत्रणा वापरते. मग सेवेच्या युनिटमध्ये (सिस्टमडीच्या वर्णन-फाइलमध्ये) ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ लिहून ती वाट द्यावी. त्यामुळे सेवा सुरू होण्याआधी प्रत्यक्ष माउंट केले जाते, आणि ते फसले तर सेवा बूटच्या वेळीच अपयशी ठरून लॉगमध्ये दिसते. ‘नोऑटो’ असले तरी ही अट पाळली जाते. तारांकनाचे मॅप मात्र सिस्टमडीला येत नाहीत, तेव्हा होम डिरेक्टरींसाठी ऑटोएफएसचा डीमन लागणारच.

पहाटपाळी

हे मला पटते, एका दुरुस्तीसह. अशा ओळीत निष्क्रियतेची मुदत (इतका वेळ वापर नसेल तर माउंट काढून टाकण्याची) देऊ नये. सिस्टमडीमध्ये ती मुळात बंद असते, पण अनेक जण सवयीने ‘आयडल-टाइमआउट’ जोडतात. मुदत संपून माउंटचे युनिट थांबवले गेले, की त्यावर विसंबलेली सेवाही त्याच्याबरोबर थांबवली जाते.