मदत हवी आहे: सात माणसं, २० लाख. जुनी क्रिस्टा, वापरलेली एक्सयूव्ही७०० की नवी स्कॉर्पिओ-एन?

करवीर_सात

नमस्कार मंडळी. घरात सात माणसं आहेत: आई-बाबा (दोघंही सत्तरीपुढचे, बाबांच्या दोन्ही गुडघ्यांना त्रास), आत्या, आम्ही नवरा-बायको आणि ११ व ५ वर्षांची दोन मुलं. मोठी गाडी घ्यायची आहे. बजेट सगळं धरून २० लाख, त्यातले साधारण निम्मे रोख.

वापर असा: कोल्हापुरात रोज ८-१० किलोमीटर, तेही तुकड्या-तुकड्यांत. महिन्यातून एकदा सगळ्यांसह कणकवलीजवळच्या गावी, करूळ किंवा फोंडा घाटाने. दोन महिन्यांतून एकदा पुणे. वर्षाला ११,००० किमीच्या आसपास. मॅन्युअल गिअर चालेल.

तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत.
१) २०१८-१९ ची इनोव्हा क्रिस्टा २.४ डिझेल
२) २०२२ ची एक्सयूव्ही७०० डिझेल
३) नवी स्कॉर्पिओ-एन, खालचं व्हेरियंट

इनोव्हाला एसयूव्ही म्हणत नाहीत हे माहीत आहे, पण काम तेच आहे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

नीरजा_क

तिसऱ्या रांगेत कोण बसणार, हे आधी ठरवा. तुमच्याकडे तिसरी रांग अधूनमधून लागणारी नाही. गावी जाताना दर वेळी दोन-तीन माणसं तिथे बसणार आणि डिकीत सामानही लागणार. या एका गोष्टीवर तीनपैकी एक पर्याय बाद होतो.

स्कॉर्पिओ-एनची तिसरी रांग उघडी ठेवली की मागे सामानाला जवळपास जागाच उरत नाही. सात जणांच्या बॅगा कॅरिअरवर टाकाव्या लागतील, आणि पावसाळ्यात कोकणात ते किती त्रासाचं होतं ते सांगायला नको. शिवाय पायरी उंच आहे, बाबांना प्रत्येक वेळी चढावं लागेल. एक्सयूव्ही७०० मध्ये चढणं-उतरणं सोपं, पण तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात आणि मांडीला आधार मिळत नाही. मुलांना ठीक, आत्यांना तीन तास नाही. क्रिस्टात मागच्या दोन्ही रांगांना छतातून एसी आहे आणि तिन्ही रांगा भरूनही ३०० लिटरच्या आसपास डिकी उरते.

ट्रायलला जाताना घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. आधी बाबांना मधल्या रांगेत त्यांना हवं तसं बसवा, सीट तिथेच ठेवा आणि मग आत्यांना मागे बसवा. उलट क्रमाने केलंत तर मागे जागा भरपूर वाटते, आणि घरी आल्यावर खरं कळतं. सोबत दोन मोठ्या बॅगा न्या आणि डिकीचं दार लावून बघा. बाबांसाठी मेजरिंग टेप ठेवा: सध्या ज्या गाडीत ते सहज बसतात तिच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजा आणि नव्या गाडीच्या सीटशी ताडून पाहा. कमरेच्या उंचीची सीट गुडघ्यांना सगळ्यात सोपी. चढावंही लागत नाही, वाकावंही लागत नाही.

तेलपाणी

जागेबद्दल नीरजाताईंशी सहमत. मी इंजिनाच्या बाजूने लिहितो, कारण तुमचा रोजचा वापर बीएस-६ (गाडीच्या धुराचा सध्याचा नियम) डिझेलच्या मुळावर येणारा आहे.

१ एप्रिल २०२० पासून नवी गाडी बीएस-६ च. त्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लायनीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी असते. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी इंजिन पूर्ण गरम हवं आणि १५-२० मिनिटं सलग ६० च्या वरचा वेग हवा. शाळा, बाजार, दवाखाना अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन गरमच होत नाही. जाळायला सुरुवात होते, तुम्ही चावी बंद करता, काम अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की काजळी जाळण्यासाठी जादा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं, तर कारण बहुतेक हेच. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग दोन्ही झिजतात.

यावर उपाय आहे: आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास गाडी सलग पळवायची, डीपीएफचा लाइट लागला की दुर्लक्ष करायचं नाही आणि ऑइल कंपनीने सांगितलेल्या कमी-राखेच्या ग्रेडचंच वापरायचं. कागलपर्यंत जाऊन आलात तरी पुरतं. हे नेमाने होणार असेल तरच बीएस-६ डिझेल घ्या. एक्सयूव्ही७०० आणि स्कॉर्पिओ-एन दोन्हींच्या डिझेलला डीईएफ म्हणजे युरियाचं पाणीही भरावं लागतं. ते संपू दिलं तर इशारे देऊन शेवटी गाडी चालूच होत नाही.

२०१८-१९ ची क्रिस्टा बीएस-४ आहे, तिला ही जाळी नाही. २.४ लिटर, १५० पीएस ताकद, ३४३ एनएम ओढ, पाच गिअर, टायमिंग चेन. तुमच्या वापराला मला हेच इंजिन योग्य वाटतं. १५ वर्षांची नोंदणी धरली तर २०१८ ची गाडी २०३३ पर्यंत चालते. डिझेलला १० वर्षांची अट दिल्ली-एनसीआरची आहे, ती कोल्हापूरला लागू नाही.

सह्यकडा

एक वेगळी बाजू मांडतो, कारण या धाग्यात सुरक्षिततेचा विषय अजून आलेला नाही आणि गाडीत दोन मुलं आहेत.

एक्सयूव्ही७०० आणि स्कॉर्पिओ-एन दोन्हींना ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या आदळवून सुरक्षिततेचे तारे देणारी संस्था) चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे आहेत. २०१८ च्या क्रिस्टात जीएक्स आणि व्हीएक्स या व्हेरियंटना तीनच एअरबॅग: चालक, शेजारचा आणि चालकाच्या गुडघ्यापाशी. सात एअरबॅग फक्त सगळ्यात वरच्या झेडएक्सला. म्हणून क्रिस्टा घ्यायचीच तर झेडएक्स शोधा, थोडी जुनी मिळाली तरी चालेल. तिचे टायर १७ इंची आहेत, बाकीच्यांचे १६ इंची (२०५/६५), एवढा खर्चाचा फरक धरा. पाच वर्षांच्या मुलासाठी आयसोफिक्सचे (मुलांची सीट अडकवायचे) हुक कोणत्या सीटला आहेत ते हाताने चाचपून बघा आणि मागच्या प्रत्येक माणसाचा पट्टा लॉक होतो का तेही.

वापरलेली एक्सयूव्ही७०० बघितलीत तर दोन गोष्टी विचाराच. ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ मध्ये बनलेल्या गाड्यांना इंजिनमधल्या वायरिंगच्या तपासणीसाठी कंपनीने परत बोलावलं होतं. १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ मधल्या मॅन्युअल गाड्यांच्या क्लचजवळच्या रबरासाठी वेगळी तपासणी होती, तीत स्कॉर्पिओ-एनही होती. दोन्ही कामं मोफत असतात; चासी नंबर दिला की शोरूमला ती झालीत का ते दिसतं. एडास (कॅमेरा-रडारने चालकाला मदत करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीची पुढची काच बदललेली असेल, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन केल्याची नोंद मागा.

करवीर_सात

सर्वांचे मनापासून आभार. स्कॉर्पिओ-एन बाजूला ठेवली. एक क्रिस्टा २.४ झेडएक्स मिळते आहे: २०१८, एमएच-१२ पासिंग, दुसरा मालक, ९२,००० किमी, डीलर १५.५० लाख सांगतो. बघताना नक्की काय तपासायचं? आणि कर्ज काढून ही घ्यावी की अजून थोडे घालून नवीन काही, हा प्रश्न घरात अजून चालू आहे.

हिशेब_वही

कर्जाचं आधी. नव्या गाडीला व्याज कमी, जुन्याला जास्त, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आकडे मांडल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही. उदाहरण म्हणून ९ आणि १३ टक्के धरू, मुदत पाच वर्षं.

नव्या गाडीसाठी १५ लाख, ९ टक्के: हप्ता साधारण ३१,१४०, एकूण व्याज ३.६८ लाख.
जुन्या गाडीसाठी १० लाख, १३ टक्के: हप्ता साधारण २२,७५०, एकूण व्याज ३.६५ लाख.

म्हणजे पाच लाख कमी कर्ज घेऊनही व्याज तेवढंच जातं. तुमच्याकडे निम्मे रोख आहेत, तर ते जुन्या गाडीतच घाला आणि कर्ज ५-६ लाखांपुरतं, तीन वर्षांचं ठेवा. जुनी गाडी पूर्ण कर्जावर घेण्यात फारसा फायदा उरत नाही.

नव्याच्या बाजूचा एक मुद्दा: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा कर सेससह ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. त्यामुळे जुन्यांचे भावही खाली यायला हवेत. डीलर अजून आधीच्या नव्या किमतीवरून भाव काढत असेल तर त्याला आजची शोरूम किंमत दाखवा. जुन्या गाडीवरचा १८ टक्के जीएसटी त्याच्या नफ्यावर असतो, पूर्ण किमतीवर नाही. बिलात ते नीट बघा. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या नव्या डिझेलला १५ टक्के रोड टॅक्स आहे. पासिंग राज्यातलंच असल्याने तुमच्या जुन्या गाडीला तो पुन्हा भरावा लागत नाही, नंबरही बदलत नाही.

तेलपाणी

आता तपासणी. सकाळी, इंजिन थंड असताना जा. डीलरला आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. बोनेटला हात लावून गरम नाही ना ते बघा. स्टार्ट केल्यावर पांढरा धूर काही सेकंदांपेक्षा जास्त राहिला तर इंजेक्टरवर संशय घ्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून वर ठेवा. थोडं थरथरणं ठीक, पण धूर धक्के देत बाहेर आला तर रिंगा झिजल्या आहेत.

क्लचसाठी: सपाट रस्त्यावर ४० च्या वेगाने चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग चढला नाही तर क्लच घसरतोय. किमतीतून तो वजा करून घ्या.

९२,००० किमी खरे आहेत का, हे मीटरवर बघून कळत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन नोंदी मागा. तारीख आणि किलोमीटर एका ओळीत वाढत जायला हवेत. मध्येच आकडा मागे गेला किंवा दीड-दोन वर्षं नोंदच नाही, तर कारण विचारा. पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं, चालकाच्या सीटची दाराकडची कड यांची झीज आकड्याशी जुळते का बघा. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.

रंगाची जाडी मोजणारं यंत्र बऱ्याच मेकॅनिककडे असतं. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन येतो. ३०० च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे. दार किंवा बंपर रंगवलेला असला तर बिघडत नाही. छत, खांब आणि पुढच्या चासीच्या टोकांना हात लागलेला असेल तर गाडी सोडा. क्रिस्टाची चासी शिडीसारखी वेगळी आहे. ती खालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, लिफ्टवर चढवायला लावा.

कृष्णाकाठ_सांगली

पुराचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला पूर आला. २०१८ ची गाडी या दोन्हींमधून गेलेली असू शकते आणि पासिंग पुण्याचं आहे म्हणून ती तिथेच उभी होती असं होत नाही.

तिन्ही रांगांचे सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून बाहेर काढा. गुंडाळलेल्या भागात चिखलाची रेघ किंवा पिवळट डाग राहतो, कारण तो भाग कुणी धूत नाही. सीटच्या खालचे बोल्ट आणि रूळ गंजलेत का, पायाखालचा गालिचा उचलून खालचा फोम ओलसर किंवा कडक झालाय का, वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखं काही आहे का, हे बघा. काचा बंद करून एसी दहा मिनिटं आत फिरता ठेवा. कुबट वास तिथे कळतो. गाडीत उग्र अत्तर मारलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी, ते काढायला लावून, परत जा. पाण्यात गेलेली गाडी स्वस्तातही घेऊ नका. एअरबॅगची वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि मागे मुलं बसणार आहेत.

हिशेब_वही

कागद: एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. मालक क्रमांक, बँकेचा बोजा, विमा, पीयूसी, काळी यादी सगळं दिसतं. थकलेली ई-चलनं वेगळी तपासा. गाडी कधी टुरिस्ट परवान्यावर होती का हे आरसीच्या इतिहासात बघा. क्रिस्टा पिवळ्या पाटीवरून पांढऱ्यावर आणलेल्या बऱ्याच असतात. बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, चासी नंबरचा ठसा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, म्हणजे एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बसलेली हवी.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागेल.

करवीर_सात

डीलर म्हणतो, गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यायची तर आधी ५०,००० टोकन द्या, परत मिळणार नाही.

तेलपाणी

देऊ नका. फार तर ५,००० द्या, आणि पावतीवर "तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण परत" असं लिहून घ्या. तयार नसेल तर दुसरी बघा. पुणे, कोल्हापूर, सांगलीत २.४ क्रिस्टा कमी नाहीत. आणि तपासणीचे पैसे तुम्हीच भरा, डीलरने करून आणलेला रिपोर्ट चालवू नका.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात: इंजिन ऑइल आणि फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल. जुन्या मालकाने बदललंय म्हणून सांगितलं तरी बदला. ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते पाणी धरतं आणि करूळ घाटात सात माणसांच्या वजनाने उतरताना उकळतं. पेडल स्पंजासारखं खाली जातं. उतारावर दुसरा-तिसरा गिअर ठेवा. पूर्ण भरलेल्या गाडीला टायरची हवा वेगळी असते, आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे. गावाला निघायच्या सकाळी, टायर थंड असताना तेवढी भरून घ्या.