धरणाचा 'वर्ग 2' म्हणजे नेमकं काय? आरटीआयमध्ये काय मागू?

आमच्या गावाच्या वर सत्तरच्या दशकातलं मातीचं धरण आहे, लघुपाटबंधारेचं, बोर्डावर उंची 17 मीटर लिहिलीय. खालच्या उतारावर बाभळी वाढल्यात आणि पायथ्याशी एक पट्टा उन्हाळ्यातही ओला असतो, पाणी सध्यातरी स्वच्छ येतंय, गढूळ नाही. सांडव्याच्या भिंतीला पण भेग आहे. आमची वस्ती नाल्याकाठी, धरणापासून जेमतेम दोन किमी. 2019 ला चिपळूणचं तिवरे फुटलं तेव्हापासून पाऊस लागला की लोकांची झोप उडते.

ऑफिसात तोंडी विचारलं तर 'रुटीन आहे, काळजी करू नका'. ग्रामसभेचा ठराव दिला. मग आरटीआय टाकला, त्यात एका ओळीचं उत्तर आलं, 'धरण वर्ग 2 मध्ये आहे', तपासणी अहवाल काही जोडला नाही, अपील करतोय.

मी वाचलं त्यानुसार वर्ग 1, 2, 3 हे धरणातल्या दोषांवरून ठरतात, 2 म्हणजे मोठे दोष, लवकर दुरुस्ती हवी. आणि फुटलं तर खाली किती नुकसान होईल हे धोका वर्गीकरण वेगळंच असतं, म्हणजे धरण ठणठणीत असलं तरी खाली वस्ती असेल तर ते वरच्या गटात जाऊ शकतं. बरोबर ना?

कोणी पाटबंधारेत काम केलेलं असेल तर प्लीज सांगा, अपिलात पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा तपासणी अहवाल मागतोच आहे, पण धोका वर्गीकरण, पूररेषा नकाशा आणि 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यातला आपत्कालीन कृती आराखडा हे कोणत्या नावाने मागायचं, म्हणजे 'उपलब्ध नाही' असं उत्तर येणार नाही?