मदत हवी आहे: ट्रकच्या मीटरला एलईडी टाकायचेत, चार्जिंगच्या दिव्याचं काय करू?

नमस्कार मंडळी,

गाडी जुनी, १६१३ मॉडेलची, सहाचाकी, २४ व्होल्ट. पिंपळगावहून कांदा भरून वाशीला जाते, म्हणजे कसारा घाट बहुतेक रात्रीच लागतो. मीटरचा उजेड इतका मेलाय की ब्रेकच्या हवेचा काटा बघायला ड्रायव्हर मोबाईलचा टॉर्च मारतो. घाट उतरताना हे चालतं का सांगा!

मीटर खोलून पाहिला. मागे काचेच्या बुडाचे टी-१० बल्ब आहेत, दोन काळे पडलेत, होल्डरच्या पत्त्या हिरव्या झाल्यात. आडगाव टर्मिनसचा वायरिंगवाला म्हणतो, "सगळे एलईडी टाका, तासाभराचं काम." दुसरा म्हणतो, "चार्जिंगच्या दिव्याला हात लावू नका, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) उठणार नाही." खरं कुणाचं? शिवाय आत निळसर-हिरवा फिल्टर आहे, कुठला रंग घेऊ?

प्रतिसाद १:
दुसऱ्याचं ऐका. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. एलईडीतून अगदीच थोडा जातो, मग इंजिन चालू होऊनही चार्जिंग सुरू होत नाही, नाहीतर रेस केल्यावरच होतं. तेवढा एक बल्ब जुनाच ठेवा. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर २२० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावा. तो गरम होतो, प्लॅस्टिकला टेकवू नका.

एलईडी २४ व्होल्टचेच घ्या. चालू गाडीत २८ व्होल्टपर्यंत जातं, १२ चे लगेच उडतील. रंग पांढरा. लाल घेतलात तर त्या फिल्टरमागे अंधारच. आणि बाजूंनीही उजेड फेकणारे बघा, नुसता समोर पडला तर डायलवर ठिपके दिसतात. एखादा पेटला नाही तर काढून उलटा बसवा.

पण आधी त्या पत्त्या पॉलिश पेपरने घासा. निम्मा उजेड तिथेच अडकला असेल.

धागाकर्ता:
आभारी आहे दादा. इंडिकेटरला मीटरमध्ये डाव्या-उजव्याचा मिळून एकच दिवा आहे, तो बदलू का?

प्रतिसाद १:
नको. तो दोन्ही बाजूंच्या वायरींमध्ये जोडलेला असतो, करंट कधी इकडून, कधी तिकडून. साधा एलईडी एकाच बाजूला लुकलुकेल. आणि डिमरवर भरवसा ठेवू नका, एलईडी त्यावर नीट मंद होत नाहीत. कमी वॅटचेच घ्या, नाहीतर घाटात समोरच्या काचेत मीटर दिसेल.