मदत हवी: सरळ रस्त्यावर साइडस्लिपचा कोन वाढतच जातो

घसरता_कोन
तातडीने मदत हवी आहे. गाडीच्या साइडस्लिपसाठी (गाडीचं नाक आणि ती प्रत्यक्ष जाते ती दिशा, यांतला कोन) कालमन फिल्टर (मॉडेल आणि सेन्सरांचे आकडे जुळवून अंदाज काढणारी पद्धत) लिहिलाय. वळणावर आकडे बरे येतात, पण सरळ रस्त्यावर कोन वाढतच जातो. १० सेकंदांत १० अंश! गाडी तर नाकासमोर चाललेली असते. क्यू आणि आर (मॉडेलमध्ये आणि सेन्सरमध्ये किती चूक धरायची ते आकडे) बदलून बदलून थकलो. किती ठेवायचे तेवढं सांगा, परवा दाखवायचंय.

चाकोरी
सेन्सर कोणते? वेग किती? टायरचं मॉडेल आहे का? एवढ्यावरून कोणी काय सांगणार?

सिग्मा_बिंदू
कालमनचा एक्स्टेंडेड प्रकार सोडा, अनसेंटेड प्रकार घ्या. मी बदलला आणि त्रास संपला.

चाकोरी
@सिग्मा_बिंदू, मॉडेलमध्येच काही राहून गेलं असेल तर फिल्टर बदलून काय होणार? आधी त्यांना सांगू तर द्या.

रोजचा_प्रवासी
डॅशबोर्डवर ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो का? माझ्या गाडीत बॅटरी काढून बसवल्यावर लागला होता. स्टिअरिंग अँगल सेन्सर कॅलिब्रेट केल्यावर गेला.

घसरता_कोन
दिवाबिवा काही नाही हो. सहा अक्षांचा आयएमयू (त्वरण मोजणारा अ‍ॅक्सलरोमीटर आणि फिरणं मोजणारा जायरो एकत्र), चाकांचे वेग कॅनवरून (गाडीच्या आतल्या डेटा-वायरवरून), ताशी ७२ किलोमीटर. टायरचं मॉडेल नाही. बाजूचं त्वरण भागिले वेग, त्यातून यॉ रेट (गाडी उभ्या अक्षाभोवती वळण्याचा वेग) वजा, मग इंटिग्रेट, म्हणजे क्षणाक्षणाची बेरीज. नेहमीचंच. क्यू आणि आर सांगा ना कुणीतरी.

आडवा_उतार
गोम त्या 'नेहमीचंच'मध्ये आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला आडवा उतार देतात. २ अंश धरा. ९.८१ गुणिले साइन २ अंश, म्हणजे ०.३४ मीटर प्रति सेकंद वर्ग. हे गुरुत्वाकर्षण आहे की गाडीचं त्वरण, ते अ‍ॅक्सलरोमीटरला कळत नाही. ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. ०.३४ भागिले २०, म्हणजे ०.०१७ रेडियन, सेकंदाला जवळपास १ अंश. हेच तुमचे १० सेकंदांत १० अंश.

पण सेन्सर तिरका बसला असेल किंवा जायरोला बायस (कायमची ठरावीक चूक) असेल, तरी असंच दिसेल. म्हणून ताशी ३६ने चालवून बघा. वाढीचा दर दुप्पट झाला तर दोष त्वरणाच्या बाजूला, तेवढाच राहिला तर जायरोत. मग त्याच पट्ट्यावरून उलट दिशेने या. चिन्ह बदललं तर रस्ता, नाही बदललं तर सेन्सर.

थेट_उपाय
एवढं कशाला? स्टिअरिंग सरळ आणि यॉ रेट शून्याजवळ असला की कोन शून्य करून टाका. दोन ओळींचं काम.

आडवा_उतार
नका करू असं. बर्फावर स्टिअरिंग सरळ असतानाही गाडी आडवी सरकत असू शकते. ज्या क्षणासाठी हा कोन काढायचा, नेमका त्याच क्षणी तुमच्या दोन ओळी 'शून्य' म्हणतील.

थेट_उपाय
मग चारही चाकांचे वेग जुळतात का, तेही बघा.

आडवा_उतार
ब्रेक नसताना मोकळी फिरणारी चाकं सरकतानाही जुळतात.

सिग्मा_बिंदू
उताराचा कोन स्टेट (फिल्टरने स्वतः अंदाजायची राशी) म्हणून घातला तर? अनसेंटेडमध्ये सहज जमेल.

आडवा_उतार
या सेन्सरांना उतार आणि घसरण वेगळी दिसतच नाही, स्टेट वाढवून उपयोग नाही. स्टिअरिंगचा कोन घेऊन टायरसह बायसिकल मॉडेल (पुढे एक, मागे एक चाक धरून केलेलं गाडीचं सोपं गणित) जोडा. नाहीतर दोन अँटेनांचा जीएनएसएस (जीपीएससारखा उपग्रह-रिसीव्हर): अँटेना नाकाची दिशा देतात, वेग प्रवासाची. दोन्हींतला फरक म्हणजे साइडस्लिप.

रोजचा_प्रवासी
१९९५मध्ये बॉशची ईएसपी मर्सिडीजमध्ये आली तेव्हा कुठे होत्या दोन अँटेना?

चाकोरी
नव्हत्याच. स्टिअरिंग, यॉ रेट, बाजूचं त्वरण, चाकांचे वेग आणि मॉडेल, यावरच भागवलं. म्हणून म्हणतो, मॉडेल घाला.

घसरता_कोन
ताशी ३६ला दर दुप्पट झाला! म्हणजे जायरो सुटला. उलट दिशेने अजून गेलो नाही. आता मॉडेलसाठी टायरचा कॉर्नरिंग स्टिफनेस (टायर तिरका चालला की किती आडवा जोर देतो तो आकडा) कुठून आणू?

आडवा_उतार
वळणांचे लॉग आहेत ना, त्यातून काढता येईल. पण आधी उलट दिशेने या. आणि आयएमयू बसवलाय कुठे? गाडीच्या गुरुत्वमध्यापासून किती लांब, हे तुम्ही अजून सांगितलेलंच नाही.