मदत हवी आहे: पॉम्पेईचं 'होस्टेड एंट्री' तिकीट घेतलंय, सोबत आई-बाबा आहेत

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या शेवटी आई-बाबांना घेऊन पॉम्पेईला, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या प्राचीन रोमन शहराला, जायचं आहे. मी जर्मनीत श्टुटगार्टला असते, ते दोघं धाराशिवहून येतील. मुक्काम रोममध्ये आणि तिथून एक दिवस पॉम्पेई, असा बेत आहे. तिकीट एका बुकिंग साइटवरून काढलं. त्याच्या पावतीवर 'होस्टेड एंट्री' असं लिहिलंय. खाली मजकूर एवढाच: सकाळी १० वाजता ठरलेल्या जागी आमचा होस्ट भेटेल, तिकीट देईल आणि प्रवेशद्वारापर्यंत सोबत करेल. हा माणूस आत आमच्याबरोबर फिरतो का? काही समजावून सांगतो का? की तिकीट हातात ठेवून निघून जातो? बाबांना दगड-विटांमधलं एकेक समजून घ्यायचं असतं. त्यामुळे सोबत माहिती देणारं कुणी नसेल तर आत्ताच वेगळी सोय करायला हवी.

दुसरी काळजी नावांची. बुकिंगच्या वेळी माझं नाव आणि 'प्रौढ ३' एवढंच विचारलं. हल्ली पॉम्पेईचं तिकीट नावानिशी असतं असं वाचलं. बाबांच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आहे, आईच्या पासपोर्टवर नाही. दारावर यावरून अडवतात का?

तिसरं म्हणजे आईचे गुडघे. सपाट रस्त्यावर ती तास-दीड तास सहज चालते, पण चढ-उतार आणि उंच पायऱ्या नको म्हणते. व्हीलचेअरला तिची तयारी नाही.

शेवटचा प्रश्न बाबांसाठी, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. मुलांना एसटीने तेरला न्यायचे, तिथल्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती दाखवायचे आणि सांगायचे, "हिची बहीण इटलीत सापडली आहे." मीही त्या सहलींना गेले आहे. ती बहीण म्हणजे पॉम्पेईची लक्ष्मी. बाबा आता सत्तरीत आहेत आणि ती मूर्ती त्यांनी फक्त पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोत पाहिली आहे. ती पॉम्पेईतच आहे की दुसरीकडे? त्याच दिवशी दोन्ही जमेल का?

अनुभवी लोकांनी जरा सविस्तर लिहावं, ही विनंती.

– रानजाई

प्रतिसाद: दक्षिणवारा

रानजाई, मी बरीच वर्षं नेपल्सजवळ राहतो आणि आपल्याकडून येणाऱ्या पाहुण्यांना नेहमी पॉम्पेईला नेतो, म्हणून लिहितो.

होस्ट म्हणजे गाइड नव्हे. तो पाटी किंवा छत्री घेऊन उभा असतो, यादीतलं नाव बघतो, तिकिटं देतो, दारापर्यंत आणतो. फार तर नकाशा उघडून पाच-दहा मिनिटं सांगेल की इथून असं जा, हे चुकवू नका. आत येत नाही. इटलीत पुरातन स्थळांवर पर्यटकांना माहिती सांगत फिरवायला परवाना लागतो आणि होस्टकडे तो नसतो. म्हणजे तुम्ही घेतलंय ते आत शिरण्याचं तिकीट, माहितीचं नाही. अशा तिकिटावर 'रांग टाळून' असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थही तिकीटखिडकीची रांग टाळून एवढाच घ्या. सामानाच्या तपासणीची रांग सगळ्यांनाच असते.

नावांचं मात्र आजच मार्गी लावा. १५ नोव्हेंबर २०२४ पासून पॉम्पेईत दिवसाला जास्तीत जास्त २०,००० माणसं सोडतात आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं. गर्दीच्या महिन्यांत त्यातली १५,००० सकाळच्या वेळेत आणि ५,००० दुपारनंतर अशी वाटणी केली आहे. बुकिंग साइटला आत्ताच निरोप पाठवून तिघांची नावं पासपोर्टवर जशी आहेत तशी कळवा आणि लेखी उत्तर मागून घ्या. मधल्या नावाने सहसा काही बिघडत नाही, नाव आणि आडनाव जुळलं पाहिजे. त्या दिवशी मूळ पासपोर्ट सोबत ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. साइट नावं घ्यायला तयार नसेल तर आदल्या दिवसापर्यंत रद्द करायची सोय आहे का ते बघा आणि पुरातत्त्व उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरून नव्याने तिकीट काढा. खरं तर ज्याला तिथून काढता येतं त्याला होस्टची गरजच नाही, होस्टच्या तिकिटाला पैसेही जास्त पडतात.

तिकीट कुठल्या प्रकारचं आहे तेही बघून ठेवा. 'पॉम्पेई एक्स्प्रेस'मध्ये फक्त शहर येतं. 'पॉम्पेई प्लस'मध्ये तटाबाहेरचा व्हिला ऑफ मिस्टरीजही येतो. त्याच्या भिंतींवरची लालभडक चित्रं बघण्यासारखी आहेत, पण तो एका टोकाला आहे. आईंना चालवत तिथवर नेऊ नका.

आता गाइड. बाबांसारख्या माणसासाठी परवानाधारक गाइड दोन तास तरी घ्याच. मी ठामपणे सांगतो, कारण पॉम्पेईत पाट्या फार कमी आहेत. नुसत्या भिंतींमधून फिरलं तर तासाभरात सगळी घरं सारखी दिसायला लागतात. सांगणारा असला की रस्त्यातल्या गाड्यांच्या चाकोऱ्या दिसतात, पाणी-घाण चुकवून रस्ता ओलांडायला ठेवलेले उंच दगड दिसतात, ओट्यात पुरलेले रांजण दिसतात आणि हे गरम जेवण विकणारं दुकान होतं हे कळतं. स्टेशनच्या बाहेर 'माहिती केंद्र' म्हणवणारे बरेच जण टूर विकत उभे असतात, त्यांच्याकडे न थांबता पुढे जा. गाइड आधीच ठरवा आणि भेटल्यावर त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र बघा.

प्रतिसाद: तांबडफुटी

होस्टबद्दल वर आलंच आहे, मी रेल्वेबद्दल लिहिते. रोमहून नेपल्सला वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. नेपल्स सेंट्रलच्या खालच्या मजल्यावर गारिबाल्दी स्टेशन आहे, तिथून चिर्कुमवेझुवियाना ही लोकल घ्यायची. सोरेंतोकडे जाणारीच गाडी हवी. उतरायचं 'पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी' इथे, प्रवेशद्वार समोरच आहे. पोज्जोमारीनोकडे जाणाऱ्या गाडीवरही 'पॉम्पेई सांतुआरियो' नावाचं स्टेशन आहे. नाव बघून लोक त्यात बसतात आणि शहराच्या भलत्याच बाजूला उतरतात. होस्ट बहुधा पोर्ता मरीना या दारापाशी थांबतो, पावतीवरचा पत्ता नकाशात टाकून खात्री करून घ्या.

लोकल गच्च भरलेली असते, पाकीट-मोबाइल सांभाळा. गाडीला उशीरही होतो, आणि होस्ट कुणासाठी अर्धा तास थांबत नाही. १० ची वेळ असेल तर आदल्या रात्री नेपल्सलाच मुक्काम करा. मोठी बॅग आत चालत नाही, ३० x ३० x १५ सेंटिमीटर ही मर्यादा आहे. त्याहून मोठी असेल तर दाराशी ठेवायची मोफत सोय आहे.

प्रतिसाद: कासवचाल

आईंसाठी. माझ्या सासूबाईंनाही गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांना घेऊन जाऊन आले.

रस्ते काळ्या लाव्हाच्या मोठ्या दगडांचे आहेत, गुळगुळीत झालेले आणि मध्ये भेगा. पोर्ता मरीनाची सुरुवातच चढाने होते. त्याऐवजी पियाझ्झा एसेद्राचं दार थोडंच पुढे आहे आणि ते सोपं जातं. होस्टला भेटल्याबरोबर सांगा की आम्हाला तिथून आत सोडा. तिसरं दार पियाझ्झा अन्फितेआत्रो. तिथून 'पॉम्पेई सगळ्यांसाठी' नावाची वाट सुरू होते. साधारण साडेतीन किलोमीटरची, व्हीलचेअर आणि बाबागाडी जाईल अशी, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती पूर्ण करायलाच हवी असं नाही, पण नकाशावर तिच्या खुणा बघून तेवढ्यावरच चाललं तर पायांचे हाल होत नाहीत.

मेच्या शेवटी ऊन कडक असतं आणि आत सावली जवळपास नाही. टोपी हवीच. पाण्याचे नळ जागोजागी आहेत, बाटली भरून घेता येते. खायला फोरमजवळ, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाजवळ, उपाहारगृह आहे, पण एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत. सकाळी पोटभर खाऊन निघा.

एक मनापासून सांगते. 'गार्डन ऑफ द फ्युजिटिव्हज'मध्ये तेरा जणांचे प्लास्टरचे ठसे आहेत, त्यात मुलंही आहेत. राखेत देह कुजून गेले आणि त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ फियोरेल्लीने अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतायची रीत काढली. सासूबाई ते बघून खूप अस्वस्थ झाल्या, त्यांना तिथून लवकर बाहेर आणावं लागलं. आईंना आधी सांगून ठेवा, मग त्यांना हवं तर बघतील.

प्रतिसाद: तगरवाट

रानजाई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मुलांना तेर दाखवणारे शिक्षक फार थोडे आहेत.

मूर्ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरी यांच्या देखरेखीखाली चाललेल्या उत्खननात ती विया देल्ल'अब्बोन्दान्झा या मोठ्या रस्त्यावरच्या एका घरात सापडली. त्या घराचं नावच आता 'भारतीय मूर्तीचं घर' असं आहे: पहिला विभाग, आठवा चौक, पाचवं दार. पॉम्पेईतल्या प्रत्येक दाराला असा तीन आकड्यांचा पत्ता आहे. गाइडला १-८-५ सांगा, तो बाबांना नेमका त्या दारासमोर नेईल. घर आतून उघडं असेलच असं नाही, कारण घरं आलटून पालटून उघडतात. पण दारासमोर उभं राहता येईल, आणि तो रस्ता आईंनाही झेपेल.

मूर्ती सुमारे २५ सेंटिमीटर उंच आहे, दोन्ही बाजूंना दासी, अंगभर दागिने. डोक्यात वरून भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी असं अभ्यासक म्हणतात. लक्ष्मी हे नाव सुरुवातीला पडलं ते चिकटलं, ती यक्षी असावी असं मानणारे पुष्कळ आहेत. पायाशी खरोष्ठी या वायव्येकडच्या प्राचीन लिपीतलं अक्षर आहे, त्यामुळे तिचा प्रवास वायव्येकडून झाला असावा असंही म्हणतात. पण तिला सगळ्यात जवळच्या मूर्ती मिळतात त्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. म्हणजे बाबांचं 'बहीण' हे म्हणणं अगदी योग्य आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भरुचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, असं दिलं आहे. तिथला माल गाड्यांतून भरुचला जाई आणि पुढे जहाजांवर चढे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेल्यामुळे ही मूर्ती त्याआधीची हे नक्की होतं. आपल्याकडच्या कितीतरी वस्तूंचा काळ ठरवताना इतका पक्का आधार मिळत नाही.

उलटी वाटही बाबांना ठाऊक असेलच: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला रोमन बनावटीचा ब्राँझचा पोसायडन (ग्रीक समुद्रदेव), जो टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे.

व्यवहाराचं सांगायचं तर दोन्ही एका दिवसात कोंबू नका. संग्रहालय मंगळवारी बंद असतं. मूर्ती 'गुप्त दालन' नावाच्या विभागात ठेवतात. तिथे पॉम्पेईतली शृंगारिक चित्रं आणि वस्तू आहेत, आई-बाबांना आधी कल्पना द्या म्हणजे अवघडायला होणार नाही. दालन कधी बंद असतं, मूर्ती कधी प्रदर्शनासाठी बाहेरही जाते. म्हणून आत्ताच संग्रहालयाला ईमेल करा आणि 'भारतीय हस्तिदंती मूर्ती तुमच्या तारखेला मांडलेली असेल का' असं स्पष्ट विचारा. निवृत्त शिक्षक तिच्यासाठी महाराष्ट्रातून येत आहेत हेही लिहा. त्याच इमारतीत पॉम्पेईतल्या 'हाउस ऑफ द फॉन' या घरातली, अलेक्झांडरच्या लढाईचं चित्र असलेली मूळ मोझेइक फरसबंदी आहे, पॉम्पेईत दिसते ती प्रत.

प्रतिसाद: रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. वाचून दाखवलं तेव्हा बाबा फोनवर बराच वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले १-८-५ लिहून ठेव.

बेत बदलला आहे. रोमचा एक मुक्काम कमी करून नेपल्सला दोन रात्री राहतोय. आधी संग्रहालय, दुसऱ्या दिवशी सकाळी पॉम्पेई, मध्ये मंगळवार येत नाही याची खात्री केली. साइटला तिघांची नावं पाठवली आहेत, उत्तराची वाट बघतेय. दोन दिवसांत आलं नाही तर रद्द करून अधिकृत तिकीट काढीन. संग्रहालयाला ईमेल इंग्रजीतून केलाय.

आता एकच राहिलं: दोन तासांसाठी इंग्रजी बोलणारा, शांतपणे प्रश्न ऐकून घेणारा परवानाधारक गाइड कसा शोधायचा? बाबा प्रश्न फार विचारतात आणि त्यांना घाई केलेली चालत नाही.

प्रतिसाद: दक्षिणवारा

खाजगी गाइडच घ्या, गटात घालू नका. ठरवतानाच तीन गोष्टी लिहून कळवा: चाल सावकाश हवी, १-८-५ ला थांबायचं आहे, आणि बाबा इतिहासाचे शिक्षक आहेत. तिसरी गोष्ट वाचून जो गाइड उत्साहाने उलट उत्तर पाठवेल, त्यालाच नक्की करा. आणि होस्टची १० ची वेळ असेल तर गाइडला साडेदहाला आतल्या बाजूला, दारापाशी बोलवा. तपासणीच्या रांगेत तेवढा वेळ जातोच.